डाव्या दाराचे हँडल

साबिनो तार्कीच्या टॅक्सीच्या मागच्या डाव्या दाराला आतून हँडल नव्हते.

गाडी जपानची. तिकडे पंधरा वर्षे चालून झाल्यावर ती जहाजात चढली, चिलीच्या बंदरात उतरली आणि डोंगर चढून एल आल्तो शहरात आली. इथल्या गॅरेजात तिचे स्टिअरिंग उजवीकडून काढून डावीकडे बसवले. उजवीकडे एक भोक राहिले. त्यातून वायरी लोंबत. साबिनोने त्यावर मेरीमातेचे चित्र चिकटवले. जपानात लोक डाव्या बाजूने चढतात-उतरतात, म्हणून डाव्या दाराचे हँडल तिकडेच झिजून आले होते. इथे महिनाभरातच ते एका बाईच्या हातात निघून आले. बाई घाबरली. साबिनो खाली उतरला, बाहेरून दार उघडले, टोपी काढली आणि म्हणाला, "या, राणीसाहेब."

बाई हसली. साबिनोलाही बरे वाटले.

मग ती रीतच पडली. मेकॅनिक म्हणायचा, "आण एकदा गाडी. गुरुवारच्या बाजारात जुनं हँडल मिळेल." साबिनो "आणतो" म्हणायचा. दोन वर्षे झाली. बाजारच्या बायका, घेरदार घागऱ्यांच्या, डोक्यावर गोल टोप्या, पाठीवर गाठोडी. त्यांच्यासाठी जन्मात कोणी दार उघडले नव्हते. "काय उस्ताद, लग्नाला नेतोयस की काय मला?" त्या म्हणायच्या. साबिनो म्हणायचा, "नवरा शोधून ठेवलाय, मामी. जरा म्हातारा आहे, पण मेंढ्या पुष्कळ."

त्याची बायको निकासिया म्हणायची, "माझ्यासाठी कधी उघडलंस का दार?"

"तू कधी भाडं दिलंस?"

"तुझ्या त्या जपानिणीपायी माझं अर्धं आयुष्य गेलं, ते भाडंच की."

मागच्या सीटखाली एक दोर असे. निळा, नायलॉनचा, दहा हात लांब. टपावर गाठोडी बांधायला. प्रत्येक टॅक्सीत असतो.

एल आल्तोत गळेदाबूंच्या टोळ्या आहेत. एक गाडी चालवतो, एक प्रवासी बनून मागे बसतो. मध्येच गाडी आडरस्त्याला लागते. शेजारचा झोपेचे सोंग टाकतो आणि गळ्याभोवती दोर येतो. सकाळी प्रेत नाल्यात सापडते, अंगावर बूटसुद्धा नसतात. म्हणून इथे प्रत्येक जण टॅक्सीत बसताना आधी आतून हँडल चाचपतो. गळेदाबू ते काढून ठेवतात.

साबिनोला हे माहीत नव्हते असे नाही. निकासियाला तो स्वतः बजावायचा, "बसण्याआधी हँडल बघ." आपल्या गाडीच्या बाबतीत त्याच्या मनात हे आले नाही. आपण चोर नाही हे आपल्याला ठाऊकच असते.

ऑगस्टचा महिना होता. दुपारचे तीन. ऊन डोळ्यांत खुपत होते आणि वारा हाडांत शिरत होता. सेहाच्या चौकातून त्याने दोन भाडी घेतली. एक माणूस, केसांत सिमेंट, बसल्या बसल्या उजव्या खिडकीला डोके टेकून झोपला. आणि एक मुलगी, हिरव्या स्वेटरची, मांडीवर केकचे खोके. ती साबिनोच्या पाठीमागे बसली. घाईत होती. हँडल तिने पाहिले नाही.

"कुणाचा वाढदिवस?" साबिनोने विचारले.

"आजीचा. सत्तर."

"मग सावकाश नेतो. आजीबाईला केक हवा, शिरा नको."

मुलगी हसली नाही. फोनवर काहीतरी लिहीत होती.

पुढे रस्ता बंद होता. कोणत्या तरी मागणीसाठी कोणी तरी रस्त्यावर दगड आणि टायर टाकले होते. साबिनोने न सांगता गाडी आत घातली. एल आल्तोत रस्ता बंद असणे ही सांगायची गोष्ट नाही. विटांची उघडी घरे, कच्चा रस्ता, कुत्री. माणूस दिसेना.

"उस्ताद, इकडून कुठे?"

"रस्ता बंद आहे, बाई. मागून काढतो."

हेच गळेदाबूही म्हणतात.

गाडी खड्ड्यात आदळली. झोपलेला माणूस कलंडला आणि मुलीच्या खांद्यावर पडला. तिने त्याला ढकलले. तिचा हात दाराकडे गेला. हँडलच्या जागी नुसती खाच होती. तिने खाली पाहिले. पायांशी दोर होता.

ती ओरडली. खिडकी अर्धी उघडी होती. आवाज बाहेर गेला.

साबिनोने ब्रेक दाबला. पुढे त्याने जे केले ते सवयीने केले. तो उतरला, टोपी काढली आणि तिचे दार उघडायला मागे वळला. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला एवढेच दिसले, की आत एक मुलगी किंचाळते आहे आणि एक माणूस तिच्या दाराकडे धावतो आहे.

बाईच्या गळ्यात शिट्टी होती. तिने ती फुंकली.

एका गच्चीवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. शिट्ट्या पसरत गेल्या. उजवीकडचा माणूस खाडकन जागा झाला, त्याने कान दिला आणि दार उघडून पळाला. तो का पळाला ते साबिनोला कळले. शिट्टी म्हणजे काय हे या शहरात झोपलेल्यालाही कळते. पण पाहणाऱ्यांनी पाहिले, की साथीदार पळाला.

पहिला दगड साबिनोच्या कानावर बसला.

चार मिनिटांत दोनशे माणसे जमली. त्याच्या वस्तीत पाच लागतात. पडता पडता त्याच्या मनात हे आले.

"गाडीत दोर आहे," कोणी तरी ओरडले.

"हँडल काढलंय. बघा, हँडल काढलंय."

"वायरी बघा कशा तोडल्यात."

"ते स्टिअरिंगचं," साबिनो म्हणाला. तोंडावर लाथ बसली. दोन दात जिभेवर आले. तो थुंकला.

मुलीला बायकांनी बाहेर काढले. केकचे खोके रस्त्यावर पडले आणि त्यावरून माणसे गेली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. तोंडावर हात. तिला कोणी काही विचारले नाही. ती ओरडली होती, तेवढे पुरे होते.

ग्रेगोरिया नावाची बाई आली. कोंबड्या विकणारी, जाड हातांची, ॲप्रनवर सुकलेले रक्त. वस्तीच्या समितीची ती मुख्य. बगलेत वही. ती शांत होती. तिला पाहून साबिनोला खरी भीती वाटली. ओरडणारी माणसे दमतात. शांत माणसे काम पुरे करतात.

"घर नंबर नऊ," ग्रेगोरिया म्हणाली.

"हजर."

"मारलंस?"

"एक मारली."

"बरं. घर नंबर दहा."

ही रीत साबिनोच्या वस्तीतही होती. शिट्टी झाली की प्रत्येक घरातून एकाने यायचे, आणि आलेल्याने निदान एकदा मारायचे. नुसते पाहत राहायचे नाही. ज्याने स्वतः मारले तो साक्ष देत नाही.

घर नंबर दहाने लोखंडी नळी आणली होती. साबिनोने डावा हात वर केला. हात कोपराखाली मोडला. आवाज त्याने ऐकला. ओल्या फांदीसारखा नाही. कोरड्या.

अकरा नंबरचा एक म्हातारा होता. त्याने साबिनोच्या पाठीवर थाप मारल्यासारखे मारले. "नीट मार, ताता," कोणी तरी म्हणाले, "आशीर्वाद काय देतोस?" लोक हसले. म्हाताऱ्याने काठी उचलली आणि नीट मारले.

मग त्यांनी त्याचे कपडे काढले. चड्डीवर ठेवले. त्याच्याच निळ्या दोराने दिव्याच्या खांबाला बांधले. गाडी उलटी केली. तिच्या नाकावर कार्निवलच्या पूजेतल्या कागदी माळा अजून होत्या. बिअर शिंपडून, फुले उधळून साबिनोने स्वतः बांधलेल्या. त्या कोणी तरी ओढून काढल्या आणि त्याच्या गळ्यात घातल्या. पुन्हा हसू. मग पाणी आले. चार हजार मीटर उंचीवर, ऑगस्टच्या वाऱ्यात, बादलीभर पाणी अंगावर पडले की श्वास आत जातो आणि बाहेर येत नाही. दुसरी बादली. तिसरी.

त्याने वर पाहिले. खांबावर एक बाहुला फाशी दिलेला होता. पेंढा भरलेला, जॅकेट घातलेला, मान वाकडी. छातीवर पाटी: चोर सापडला तर जिवंत जाळू. असा बाहुला एल आल्तोच्या प्रत्येक वस्तीत असतो. साबिनोच्या वस्तीतला त्यानेच भरला होता. स्वतःच्या जुन्या पँटीत.

समोर एक माणूस उलट्या गाडीच्या टाकीत रबरी नळी घालत होता. त्याने तोंडाने ओढले, थुंकला, शिवी दिली. पेट्रोल बाटलीत पडू लागले.

साबिनोला पायऱ्या माहीत होत्या. शिट्टी, दगड, हात, खांब, पाणी, पेट्रोल. पेट्रोलची बाटली भरेपर्यंत माणूस वाचू शकतो. नंतर नाही. बाटली दोन लिटरची होती.

मी चोर नाही, असे म्हणायचे नाही. सगळे चोर तेच म्हणतात. रडायचे नाही. देवाचे नाव घ्यायचे नाही. आईचे तर अजिबात नाही.

हे त्याला गारांच्या वर्षी कळले होते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तोतोरानी वस्तीत, साबिनोच्या गल्लीत, एक तरुण दारे वाजवत फिरत होता. खोली भाड्याने आहे का, म्हणून विचारत होता. दोन आठवड्यांपूर्वी वस्तीत गॅसच्या चार टाक्या चोरीला गेल्या होत्या. साबिनो दारात उभा होता. तरुणाने त्याला विचारले, "दादा, खोली आहे का?" साबिनोने त्याच्या बुटांकडे पाहिले. बूट नवे होते. नवे बूट घालून कोण खोली शोधतो? त्याने शिट्टी फुंकली.

खांब शाळेसमोरचा. गाठ साबिनोची. पाणी साबिनोने ओतले, कारण नळ त्याच्या दारात होता. तरुण ओरडत होता, "माझ्या आईला विचारा. विया कोयाना, देवळामागे, निळं दार. सातुर्निना. तिला विचारा मी कोण आहे."

एलिओदोरो, तोतोरानीच्या समितीचा मुख्य, म्हणाला, "चोराची आई काय सांगणार? या, पोरगा चोर आहे माझा, जरा जपून मारा?"

लोक हसले. साबिनोही हसला.

तरुणाचा फोन त्यांनी आधीच काढून घेतला होता. तो साबिनोच्या खिशात होता. तो वाजू लागला. साबिनोने काढून पाहिला. पडद्यावर लिहिले होते: आई. त्याने तो परत खिशात ठेवला. फोन मांडीला लागून थरथरत राहिला. थांबला. पुन्हा थरथरला. साबिनोने मोजले नव्हते. पण आकडा त्याच्या लक्षात होता.

मग गारा आल्या. लिंबाएवढ्या. लोक छपराखाली पळाले. गारा थांबेपर्यंत पोलिसांचा ट्रक आला आणि खांबाला बांधलेल्या त्या गठ्ठ्याला घेऊन गेला. जिवंत होता की नाही, कोणी विचारले नाही. फोन साबिनोने ट्रकमध्ये टाकला.

आता आकाश निळे होते. ढगाचा तुकडा नव्हता.

"ग्रेगोरियाबाई," साबिनो म्हणाला. नाव त्याने लोकांच्या तोंडून ऐकले होते. शब्द रक्तातून निघत होते. "मी तोतोरानी वस्तीचा. समितीचा मुख्य एलिओदोरो. त्याला फोन लावा."

"सगळ्यांना कुणी ना कुणी असतंच," ती म्हणाली.

"बायकोला लावा म्हणत नाही. आईला लावा म्हणत नाही. समितीला लावा."

ग्रेगोरिया थांबली. या बोलण्यात काही तरी होते. हा माणूस रीत जाणत होता.

"बाटली भरली," मागून आवाज आला.

"थांब. नंबर सांग रे."

त्याने नंबर सांगितला. तिने लावला आणि स्पीकर चालू केला. एक रिंग. दोन. तीन. बाटलीवाला जवळ येऊन उभा राहिला. पेट्रोलचा वास आला. चार. पाच. साबिनो मोजत होता. सहाव्या रिंगला तोंडात घास घोळवत एलिओदोरो म्हणाला, "कोण?"

"आल्तो सान लोरेन्सोची समिती. तुमच्या वस्तीत साबिनो तार्की म्हणून कोणी आहे?"

"आहे. का?"

"इथे खांबाला बांधलाय. गळेदाबू म्हणून."

मग एलिओदोरो हसला. त्याचे मोठे, गडगडाटी हसू सगळ्या गल्लीने ऐकले.

"आमचा साबिनो? अहो बाई, तो कसला गळेदाबू. गारांच्या वर्षी आमच्याकडे चोर धरला, शिट्टी फुंकणारा तोच. खांबाला बांधणारा तोच. पाणी ओतणारा तोच. तुमच्या-आमच्यातला माणूस आहे. सोडा त्याला."

वाऱ्याने कागदी माळा फडफडल्या.

"असं तर कुणीही सांगेल," बाटलीवाला म्हणाला. "तोही टोळीतला नसेल कशावरून?"

ग्रेगोरियाने फोन छातीशी धरून झाकला. साबिनोच्या तोंडाजवळ तोंड आणले. तिच्या श्वासाला कांद्याचा वास होता.

"कुठल्या खांबाला बांधलंस त्याला?"

साबिनोने तिच्याकडे पाहिले. भिंतीजवळची मुलगी दिसत होती. तिचे तोंड हलत होते. आवाज येत नव्हता.

"शाळेसमोरच्या," तो म्हणाला.

"किती बादल्या?"

"सहा."

"नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही."

ग्रेगोरियाने फोन पुन्हा तोंडाशी नेला. "मुख्यसाहेब, कुठल्या खांबाला?"

"शाळेसमोरच्या," एलिओदोरो म्हणाला. "पाच-सहा बादल्या ओतल्या असतील. का हो?"

"नाव काय होतं चोराचं?"

"कुणाला माहीत? विचारतंय कोण?"

ग्रेगोरियाने फोन बंद केला. "सोडा," ती म्हणाली. "आपल्यातला आहे."

गाठ सुटेना. ओला दोर आवळून बसला होता. कोणी तरी चाकू आणला. साबिनो खाली कोसळला. आता त्याच माणसांनी त्याला उचलले. दहा नंबरने नळी भिंतीला टेकून ठेवली आणि आपले जॅकेट त्याच्या अंगावर टाकले. अकरा नंबरचा म्हातारा एक बूट घेऊन आला. दुसरा सापडला नाही. एका बाईने वाटीभर गरम सूप आणले. "घे, मेंढीचं आहे. हळू घे, तोंड भाजेल." तिने चमचा त्याच्या तोंडात घातला. वीस जणांनी मिळून गाडी सरळ केली.

"गाडी जाळली नाही, नशीब समज," ग्रेगोरिया म्हणाली. "आणि ते हँडल लावून घे. आमचा काय दोष?"

हिरव्या स्वेटरची मुलगी त्याची टोपी घेऊन आली. तिने ती झटकली. केकचे क्रीम लागले होते, ते पुसले.

"उस्ताद," ती म्हणाली, "दाराला हँडल नव्हतं."

"हो," साबिनो म्हणाला.

तो चोवीस दिवस घरी पडून होता. तीन फासळ्या, एक हात, चार दात. उजव्या कानाने ऐकू येईना. निकासिया त्याला बटाट्याची पेज भरवायची.

"एलिओदोरो वस्तीभर सांगत फिरतोय," ती म्हणाली. "माझ्या एका शब्दावर साबिनो सुटला म्हणतो. काय सांगितलं त्यानं?"

"मी चांगला माणूस आहे म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने चमचा वाटीत ठेवला. "मग त्यांनी आधी का नाही विचारलं?"

साबिनो भिंतीकडे वळला. फासळीतून कळ आली. त्या बाजूला खिडकी होती, खिडकीतून शाळा दिसायची, शाळेसमोर खांब, खांबावर बाहुला. पावसाने आणि उन्हाने तो फाटला होता. पायातून पेंढा बाहेर आला होता.

चोविसाव्या दिवशी एलिओदोरो आला. पिशवीत संत्री होती. खुर्चीवर बसला, गुडघ्यावर थाप मारली.

"उठ आता, उस्ताद. बायकांची दारं उघडायला कोणी नाही. रुसल्यात सगळ्या."

साबिनो हसला. तुटलेल्या दातांतून हवा गेली.

"एक काम होतं," एलिओदोरो म्हणाला. "बाहुला फाटलाय. सभेत ठरलं, नवा भरायचा. मागच्या वेळी पँट तुझीच होती. या वेळीही दे. त्या दिवशीची आहे ना, फाटलेली? ती दे. रक्त लागलंय तर बरंच. खरी वाटेल."

"धुतली," निकासिया दारातून म्हणाली.

"मग राहू दे. डाग काय, लाल रंगानेही पडतात."

तो गेल्यावर साबिनोने एक संत्रे सोलले आणि खाल्ले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मोडका हात गळ्यात बांधला आणि निघाला. गाडी गॅरेजात होती. बऱ्याच दिवसांनी तो मिनीबसमध्ये प्रवासी म्हणून बसला. बसताक्षणी त्याचा उजवा हात आपोआप दाराकडे गेला. हँडल होते. त्याने ते धरून ठेवले.

दारातून अर्धी बाहेर लोंबकळत एक बाई ओरडत होती, "सेहा, सेहा, सेहा, बसा, जागा आहे, सेहा!" जागा नव्हती. शेजारच्या बाईने साबिनोचा चेहरा पाहिला, हिरवे-पिवळे झालेले गाल, ओठांचे टाके. तिने पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

सेहाला उतरून त्याने दुसरी मिनीबस शोधली. काचेवर कोयानाची पाटी.

"देवळाजवळ उतरायचंय, उस्ताद," तो म्हणाला. ड्रायव्हरने आरशातून त्याच्याकडे पाहिले. "काय झालं, ताता? अपघात?"

"हो."

"समोरच्याचं काय झालं?"

देऊळ आले. तो उतरला.

देवळामागे दोन गल्ल्या होत्या. दुसरीत निळे दार होते. रंगाचे पोपडे गेले होते, पण निळेच. अकरा वर्षे हा पत्ता त्याला पाठ होता. त्याने तो पाठ केला नव्हता.

त्याने दार वाजवले. एका बोटाएवढे उघडले. मग पूर्ण उघडले.

बाई लहानखुरी होती. पांढऱ्या वेण्या. तिने साबिनोच्या चेहऱ्याकडे पाहिले, गळ्यातल्या हाताकडे पाहिले, आणि तिचा स्वतःचा चेहरा बदलला.

"कुठं केलं हे तुला?" तिने विचारले. "कुठल्या वस्तीत?"

तो उंबऱ्यात उभा राहिला.

"ये, टेक इथे. पाणी देते. उभा राहू नकोस, चक्कर येते. मला ठाऊक आहे." तिने दाराजवळचे स्टूल पुढे केले, तो बसला. "माझ्या पोराला असंच केलं होतं. मी फोन लावत होते. लावत होते, लावत होते. कुणी उचललाच नाही. उचलला असता तर मी सांगितलं असतं ना, की बाबांनो, तो खोली बघायला आलाय. लग्न ठरलं होतं त्याचं."

"नऊ वेळा," साबिनो म्हणाला.

"काय?"

"नऊ वेळा वाजला. माझ्या खिशात होता."

बाईच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिने खाली ठेवला. सांडू न देता ठेवला. दाराजवळच्या खिळ्यावर शिट्टी टांगलेली होती, तांबड्या दोरीत. ती तिने काढली आणि ओठांत धरली.

साबिनो स्टुलावरून उठला नाही. दार उघडे होते. गल्लीत दोन गच्च्यांवर बायका होत्या. इथे किती मिनिटे लागतात ते त्याला माहीत नव्हते. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तिचा श्वास शिट्टीत गेला. आतला मणी खुळखुळला. आवाज झाला नाही. ती दात रोवून उभी होती. डोळे साबिनोच्या ओठांवरच्या टाक्यांवर होते.

आतल्या खोलीतून पुरुषाचा आवाज आला. जड, अडखळता, एका बाजूने बोलल्यासारखा.

"आई... कोण आहे?"

तिने शिट्टी तोंडातून काढली. हातात घट्ट धरली.

"कोणी नाही रे. रस्ता चुकलाय एक जण. सेहाला जायचंय म्हणतो."

आतला माणूस शब्द जुळवत होता.

"त्याला सांग... कोपऱ्यावरून मिनीबस मिळते. देवळाच्या कोपऱ्यावरून. टॅक्सीत... बसू नको म्हणावं."

"ऐकलंस ना?" बाई साबिनोला म्हणाली.

तो उठला. त्याने आत पाहिले नाही. उंबरा ओलांडला. मागे दार लागले, कडी चढली, मग दुसरी कडी चढली.

कोपऱ्यावर मिनीबस उभी होती. बाई ओरडत होती, "सेहा, सेहा, सेहा." साबिनोचे पाय जागच्या जागी होते. त्याच्या पाठीमागे गल्लीत निळे दार होते आणि त्याच्या आत शिट्टी हातात धरलेली बाई. तो ऐकत होता.

"चढतोस की नाही, ताता?" बसवाली म्हणाली. "सगळी गाडी तुझ्यासाठी खोळंबलीय."

तो चढला. तिने बाहेरून दार ओढून घेतले.